डीएनएचे पीळ, पेड आणि घड्या : कांद्याच्या प्रयोगानंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. महिन्यातल्या एका रविवारी पंचवटीतल्या एका सभागृहात कांद्यातून डीएनए काढून दाखवते. निफाड-लासलगाव जवळ असल्यावर कांद्याला तोटा नाही. मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड घरातलं, बर्फात थंड केलेलं स्पिरिट मेडिकलमधलं. कांदा किसून साबण-मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, पंचातून गाळायचा आणि ग्लासच्या कडेकडेनं स्पिरिट अलगद सोडायचं. दोन थरांच्या मधोमध पांढरट, शेंबडासारखे तंतू वर येऊ लागतात. मग मुलं गप्प होतात आणि पालक प्रश्न विचारायला लागतात. मागच्या एका वर्गात ओघात म्हणून गेले, की डीएनए नेहमी दोन पेडांचाच असतो असं नाही, त्याला तीन-चार पेडांच्या विचित्र घड्याही पडतात. तेव्हापासून प्रश्नांचा रोखच बदलला. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ग्लासात दिसणाऱ्या तंतूंमध्ये त्या विचित्र घड्या दिसतात का?

नाही. डीएनएच्या एका रेणूची जाडी २ नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा साधारण चाळीस हजारावा भाग. ग्लासात दिसतो तो असंख्य रेणूंचा गोळा, आणि खरं सांगायचं तर तो शुद्ध डीएनएही नसतो. आरएनए (जनुकाची तात्पुरती प्रत), प्रथिनं, कांद्याचं पेक्टिन असं बरंच काही त्यात चिकटलेलं असतं. मुलांना मी हे मुद्दाम शेवटी सांगते, आधी सांगितलं तर चेहरे पडतात.

पाठ्यपुस्तकात एकच आकार असतो, उजव्या पिळाचा जिना. तो चुकीचा आहे का?

अजिबात नाही. पेशीतला बहुतेक डीएनए बहुतेक वेळ त्याच आकारात असतो. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडलेला तो 'बी' आकार. बारावीच्या मुलांसाठी एक सूचना: पाण्यातल्या डीएनएत एका वेढ्यात सुमारे साडेदहा जोड्या (समोरासमोरच्या पेडांवरच्या रासायनिक 'अक्षरांच्या': ए-टी, जी-सी) असतात, पण परीक्षेत पुस्तकाप्रमाणे १० लिहा. उगाच गुण घालवू नका.

दुसरा आकार मात्र त्याआधीच ठाऊक झाला होता. रोझलिंड फ्रँकलिन यांना दिसलं होतं, की हवेतला ओलावा कमी केला की तोच धागा आखूड आणि जाड होतो. तो 'ए' आकार, एका वेढ्यात ११ जोड्या. त्यांच्या प्रयोगशाळेत रेमंड गॉसलिंगनं मे १९५२ मध्ये टिपलेलं सुप्रसिद्ध ५१ क्रमांकाचं क्ष-किरण छायाचित्र ओलसर धाग्याचं, म्हणजे 'बी' आकाराचं होतं. थोडक्यात, डीएनए एकाच साच्यातला नाही हे या गोष्टीच्या पहिल्याच दिवसापासून माहीत होतं. पोस्टरवर एकच आकार मावला, इतकंच.

पण डीएनए घडी घालतोच कशाला? सरळ राहायला काय हरकत आहे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर द्यायला मी कांद्याची गोणी शिवायची सुतळी घेऊन जाते.

हातभर सुतळी घ्या. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरं चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेनं फिरवा. थोड्या वेळानं मधेच एका ठिकाणी दोन पेड एकमेकांपासून सुटे होतील आणि त्यांच्यात फट पडेल. हात थोडा सैल सोडलात, तर सुतळी स्वतःभोवतीच गुंडाळून आकडा तयार करेल. तुम्ही आकडा केला नाही, पिळानं केला. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, चादर पिळणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

पेशीत हा पीळ देणारं यंत्र म्हणजे जनुकाची प्रत काढणारं एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज. ते दोन पेडांच्या मधून पुढे सरकतं, तशी त्याच्या पुढची दोरी जास्त पिळली जाते आणि मागची सैल पडते. १९८७ मध्ये लिऊ आणि वांग यांनी हे सुबकपणे मांडलं. मागची सैल जागा ही घड्यांची हक्काची जागा. तिथे पेड थोडे वेगळे होतात, आणि अक्षरांचा क्रम अनुकूल असेल तर सुटा झालेला पेड स्वतःशीच जुळतो, दुमडतो, वळतो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, पण पेशीला मात्र पीळ काढता येतो. टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइमं धागा कापतात, फिरवतात आणि पुन्हा जोडून टाकतात. जिवाणूंमधल्या अशाच एका एन्झाइमचं नाव गायरेज. डॉक्टर लिहून देतात ते सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं यालाच अडवतं. म्हणजे डीएनएच्या पिळाशी तुमची ओळख कदाचित पोट बिघडलं तेव्हाच झालेली आहे.

चार पेडांचा डीएनए म्हणजे नक्की काय?

वेणीचं उदाहरण इथे अर्धंच चालतं, कारण हे चार पेड वेगवेगळ्या धाग्यांचे असायलाच हवेत असं नाही. बहुतेक वेळा एकच पेड चार वेळा वर-खाली वळतो.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी, म्हणजे ग्वानिन, जरा आपलेपणा जास्त असलेलं. चार ग्वानिन एका पातळीत चौकोन करून बसू शकतात, प्रत्येकाचे हात शेजाऱ्याच्या हातात. असे दोन-तीन चौकोन एकावर एक रचले की झाली चौपेडी, शास्त्रीय नाव जी-क्वाड्रुप्लेक्स. त्यासाठी अक्षरांच्या ओळीत एकमेकांजवळच्या चार ठिकाणी सलग तीन-तीन जी लागतात.

आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे पोटॅशियम. चौकोनांच्या मधोमध ऑक्सिजनचे अणू तोंडाला तोंड लावून असतात आणि एकमेकांना ढकलतात. पोटॅशियमचा आयन दोन चौकोनांच्या बरोबर मधल्या पोकळीत बसतो आणि भांडण मिटवतो. सोडियमला हे काम जेमतेम जमतं, लिथियमला जवळपास नाहीच. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, म्हणजे चौपेडीसाठी घरचंच वातावरण.

१९१० मध्ये इव्हार बँग या शास्त्रज्ञाला दिसलं, की ग्वानिलिक आम्लाचं दाट द्रावण जेलीसारखं घट्ट होतं. का, ते कळायला १९६२ उजाडलं. गेलर्ट, लिपसेट आणि डेव्हिस यांनी क्ष-किरणांनी तो चौकोन शोधला. हेच मार्टिन गेलर्ट पुढे १९७६ मध्ये वर सांगितलेल्या गायरेजच्या शोधातही होते. पीळ आणि घडी या दोन्ही गोष्टींवर एकाच माणसाचा हात पडावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग केळी, नारळपाणी घेतलं की चौपेड्या वाढतात का?

नाही. पेशीतलं पोटॅशियम शरीर काटेकोरपणे सांभाळतं. केळं भूक लागली म्हणून खा.

अशा जागा आपल्या शरीरात किती आहेत?

कोणता आकडा हवा यावर ते ठरतं, आणि गोंधळ इथेच होतो. २००५ मध्ये संगणकावर मानवी जनुकसंचातली अक्षरं तपासून सुमारे पावणेचार लाख शक्य जागा मोजल्या गेल्या. २०१५ मध्ये परीक्षानळीत प्रत्यक्ष डीएनए वाचून पाहिला, तर सात लाखांहून जास्त ठिकाणी वाचणारं एन्झाइम अडखळलं. पुढच्याच वर्षी पेशींमधल्या डीएनएत शोध घेतला, तेव्हा जेमतेम दहा हजार जागा सापडल्या. तिन्ही आकडे बरोबर आहेत. पेशीत डीएनए प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो. सात लाख जागांना घडी घालता येते, पण त्यांना मोकळीक मिळत नाही. कपाटातल्या सगळ्या साड्या नेसता येतात, पण अंगावर एकच असते.

या तिन्ही कामांमागे केंब्रिजचे शंकर बालसुब्रमण्यन आहेत. जन्म चेन्नईचा. आज जगभर वापरली जाणारी डीएनए वाचायची एक पद्धतही त्यांनी डेव्हिड क्लेनरमन यांच्याबरोबर विकसित केली. २०१३ मध्ये त्यांच्या गटानं चौपेडीलाच चिकटणारी प्रतिपिंडं वापरून मानवी पेशींमध्ये या घड्यांचे चमकते ठिपके दाखवले. तोवर "हे सगळं परीक्षानळीतले खेळ आहेत" असं म्हणणारे पुष्कळ होते.

कांद्यातही अशा घड्या असतील ना?

निफाडच्या एका काकांनी हे विचारलं आणि मला घरी जाऊन वाचावं लागलं. बरं झालं विचारलं.

आधी आकार पाहू. कांद्याच्या जनुकसंचात सुमारे १६ अब्ज जोड्या, माणसाच्या साधारण ३ अब्ज. कांदा आपल्या पाचपट. कांद्याच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर ११ मीटरच्या आसपास भरेल. म्हणून तर प्रयोगाला कांदा चांगला.

आता टोकं. उपरण्याच्या टोकाला दशा वळून गाठ मारतात, नाहीतर कापड उसवत जातं. गुणसूत्राच्या टोकालाही तशीच सोय असते, तिला टेलोमेर म्हणतात. माणसात तिथे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा येतात. त्यातले तीन जी पाहिलेत? चार वेळा आवृत्ती झाली की चौपेडीचा कच्चा माल तयार. अशी घडी पडली की टोक वाढवणाऱ्या टेलोमरेज एन्झाइमला टोक धरताच येत नाही. शिवाय सगळं टोक मागे वळून स्वतःमध्येच खोचलेलं असतं, कनवटीला खोचल्यासारखं. हा फास १९९९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसला.

बहुतेक वनस्पतींमध्ये एक टी वाढतो, टीटीटीएजीजीजी. कांद्यात मात्र हा क्रम सापडेचना. कांद्याची टोकं कशाची बनली आहेत, यावर कित्येक वर्षं तर्कवितर्क चालले. २०१६ मध्ये उलगडा झाला: सीटीसीजीजीटीटीएटीजीजीजी, बारा अक्षरी आवृत्ती. कांदा, लसूण या कुळाची स्वतःची गाठ. काका ऐकून म्हणाले, "म्हणजे कांदा कुणाचं ऐकत नाही, बाजारभावासारखाच."

डाव्या पिळाचा डीएनए खरंच असतो का?

असतो. गंमत म्हणजे १९७९ मध्ये ॲलेक्झांडर रिच, अँड्र्यू वांग आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या स्फटिकाचं पहिल्यांदाच अणूअणू दिसेल इतकं स्पष्ट चित्र मिळवलं, तेव्हा तो उजवा नव्हे तर चक्क डावा निघाला. सी आणि जी एकाआड एक असलेला सहा अक्षरी तुकडा होता तो. पाठीचा कणा नागमोडी, झिगझॅग, म्हणून नाव झेड डीएनए. एका वेढ्यात १२ जोड्या. पोल आणि जोव्हिन यांनी १९७२ मध्येच जास्त मिठाच्या द्रावणात काहीतरी उलटं होत असल्याची खूण पाहिली होती.

बरीच वर्षं याला कुतूहलाची वस्तू समजत. मग एडार-१ आणि झेडबीपी-१ अशी प्रथिनं सापडली, ज्यांचा एक भाग झेड आकारच ओळखतो. झेडबीपी-१ विषाणूंच्या चाहुलीवर पहारा ठेवतं. डावा पीळ दिसला की पेशीला मरायचा आदेशही देऊ शकतं. एडार-१ उलट बाजूनं सांभाळतं, आपल्याच आरएनएला शत्रू समजून गोंधळ होऊ नये म्हणून. देवीच्या विषाणूच्या कुळातल्या व्हॅक्सिनिया विषाणूकडे झेड ओळखणारं स्वतःचं प्रथिन आहे आणि ते या पहाऱ्यालाच चकवतं. हे वाचलं तेव्हा विषाणूचं कौतुक करावं की राग, कळेना.

जाता जाता: शहरात लॅबच्या, क्लासच्या पाट्यांवर डीएनएचं चित्र दिसलं की नीट बघा. समोरच्या बाजूचे पेड खाली डावीकडून वर उजवीकडे चढत असतील तर चित्र बरोबर. उलट असतील तर चित्रकारानं आरशातला डीएनए काढलाय. माझ्या वर्गातली मुलं आता स्कूटरवर मागे बसून पाट्या मोजतात. चुकीच्या पाट्या बऱ्याच निघतात.

'चिमा काय कामाची' आणि डीएनए यांचा काय संबंध?

हे मीच वर्गात फळ्यावर लिहिते, म्हणून प्रश्न येतो. उलटसुलट सारखं वाचता येणारं वाक्य. डीएनएतला विलोमपद थोडा वेगळा: एका पेडावर डावीकडून जे वाचाल, तेच समोरच्या पेडावर उजवीकडून. अशा जागी प्रत्येक पेड स्वतःवर दुमडून केसाच्या आकड्यासारखा होतो आणि दोन आकडे समोरासमोर आले की अधिक चिन्हासारखी फुली तयार होते. फुली नाजूक असते, तुटू शकते. माणसाच्या ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांवर असेच लांब विलोम क्रम आहेत, आणि या दोघांमध्ये तुकड्यांची अदलाबदल वारंवार होण्याचं कारण तेच मानतात.

तीन पेडांचा?

तोही आहे. १९५७ मध्ये आधी आरएनएमध्ये दिसला. दुपेडी धाग्याच्या खोबणीत तिसरा पेड येऊन बसतो. पुढच्या प्रश्नात तो पुन्हा भेटेल.

या घड्यांमुळे आजार होतात का?

काही होतात, आणि इथे मी सावकाश बोलते, कारण समोर कुणाच्या घरात आजार असेल सांगता येत नाही.

काही जनुकांत तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. हंटिंग्टनच्या आजारात (मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात) सीएजी, फ्रॅजाइल एक्समध्ये (बौद्धिक वाढ मंदावते) सीजीजी, फ्रीडरिख ॲटॅक्सियामध्ये (चालताना तोल जातो) जीएए. डीएनएची प्रत निघताना अशा ओळीतला पेड घसरतो, आकडा करून बसतो, आणि नवी प्रत लिहिताना तीच ओळ आणखी लांबते. विणताना टाके मोजण्यात चूक झाली की पुढचा पट्टा लांबतो, तसं. लांब ओळ आणखी सहज घसरते. म्हणून काही घराण्यांत पुढच्या पिढीत आजार लवकर आणि जास्त जोरानं दिसतो.

आकडे असे: हंटिंग्टनमध्ये सीएजी ४० किंवा जास्त वेळा असेल तर आजार होतोच, ३६ ते ३९ मध्ये होऊ शकतो. फ्रॅजाइल एक्समध्ये सीजीजी २०० च्या वर गेलं की जनुक बंद पडतं. फ्रीडरिखमध्ये जीएए बहुधा शेकड्यांत असतं. तिथे तिपेडी तयार होऊन जनुकाची प्रत काढणं अडतं, असं पुरावे सांगतात.

रक्ततपासणीत घडी बघत नाहीत, आवृत्त्या मोजतात. अहवाल हातात आला तर तो जनुकीय समुपदेशकाकडे न्या, माझ्याकडे नको.

सिकल सेलही यातलाच का?

नाही. आदिवासी तालुक्यांतून येणारी मुलं हे हमखास विचारतात. तिथे हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी टी. घडीचा संबंध नाही.

कर्करोगावर यातून औषध निघेल का?

प्रयत्न चालू आहेत. मिक नावाचं जनुक पेशीला वाढ म्हणून सांगतं, आणि अनेक कर्करोगांत ते अवाजवी ओरडत असतं. त्याच्या सुरुवातीलाच चौपेडीची जागा आहे. २००२ मध्ये दाखवलं गेलं, की या घडीला घट्ट करणारा रेणू दिला तर मिकचा आवाज खाली येतो. मग औषध शोधायला झुंबड उडाली. चौपेडीला चिकटणारं क्वारफ्लॉक्सिन माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. पिडनारुलेक्स नावाचा दुसरा रेणू, विशेषतः बीआरसीए या डीएनएची डागडुजी करणाऱ्या जनुकात बिघाड असलेल्या कर्करोगांसाठी, चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांत तपासला गेला आहे. अडचण सरळ आहे: दहा हजार चौपेड्यांमधून नेमकी एकच पकडायची कशी?

म्हणजे घड्या हा बिघाडच ना? निसर्गानं त्या काढून का टाकल्या नाहीत?

कारण त्या कामाच्याही आहेत. माझं आवडतं उदाहरण जरा लाजिरवाणं आहे. गनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराचा जिवाणू स्वतःच्या अंगावरच्या केसांसारख्या तंतूंचं प्रथिन सारखं बदलतो, म्हणून शरीराला तो ओळखता येत नाही. २००९ मध्ये कळलं, की त्या जनुकाच्या शेजारी एक चौपेडी आहे. तिच्यातला एखादा मोक्याचा जी बदलला की वेशांतर बंद पडतं. घडी नाही तर बहुरूप्याचा खेळही नाही.

पेशी या घड्या सोडवते कशी?

हेलिकेज नावाच्या एन्झाइमांनी. केसांतला गुंता फणीनं सोडवावा तसं ती धाग्यावरून चालत जातात. प्रत्येकाची फणी वेगळी. डब्ल्यूआरएन नावाची बिघडली तर वर्नर सिंड्रोम होतो, विशी-तिशीतच केस पांढरे आणि मोतीबिंदू. बीएलएम बिघडली तर ब्लूम सिंड्रोम, ज्यात कर्करोग लवकर होतात. या दोन्ही फण्या चौपेड्या सोडवतात. अर्थात इतरही कामं करतात, त्यामुळे सगळा दोष घड्यांच्या माथी मारता येत नाही.

पेशीतल्या आम्लाशी संबंधित अशी एक घडी आहे म्हणे?

आय-मोटिफ. जी जिथे जास्त, तिथे समोरच्या पेडावर सी जास्त असणारच, आणि ते सी एकमेकांत दातेरी पद्धतीनं गुंततात. १९९३ मध्ये ही रचना उलगडली. पण तिला आम्ल लागतं, म्हणून जिवंत पेशीत ती नसेलच असं धरून चालत. २०१८ मध्ये सिडनीच्या गारवन संस्थेत ती मानवी पेशींमध्ये चमकताना दिसली.

"१२ धाग्यांचा डीएनए जागृत करा" असं पत्रक आलंय. जावं का?

हेच पत्रक माझ्याही दारात पडलं होतं, शुल्क पाच आकडी होतं. बारा पेडांचा डीएनए कुणाच्याही शरीरात नाही. चारपर्यंत जातो, तोही वीस-पंचवीस अक्षरांच्या तुकड्यापुरता, आणि त्यासाठी ध्यानाला बसावं लागत नाही. आत्ता हे वाचताना तुमच्यात ते चालूच आहे, फुकट. तेवढ्या पैशात येवल्याला जाऊन बरी पैठणी येईल.

प्रयोगानंतर उरलेल्या कांद्याची भजी करता का?

दर वेळी कुणीतरी विचारतंच. नाही. त्यात साबण आणि स्पिरिट असतं, ते तोंडात घालायचं नाही. स्पिरिट पेट घेतं, म्हणून घरी प्रयोग केलात तर गॅसच्या ओट्यापासून लांब करा. भज्यांचा कांदा मी वेगळा आणते आणि तो सभागृहाच्या मागच्या खोलीत झाकून ठेवते, नाहीतर प्रयोगालाच कमी पडतो.